२५६ नोंदी नाकारल्या, आणि स्क्रिप्ट म्हणाली ‘सगळं ठीक’

दूध संघाच्या ऑफिसात सकाळी नऊच्या आत वाजणारा फोन बहुधा टँकरवाल्याचा असतो. त्या दिवशी तो एका गावच्या दूध संस्थेच्या सचिवांचा होता. “साहेब, दहा दिवसांचं बिल आलंय खरं, पण पावत्या जुळंनात. झाडून सगळ्या गावाचं दीड दिवसाचं दूध कमी दिसतंय. बघा की जरा.”

एखाद-दुसऱ्या उत्पादकाची तक्रार रोजचीच असते. कुणाची पावती हरवते, कुणाचा क्रमांक चुकीचा दाबला जातो. पण पंच्याऐंशी जणांचं, एकाच दीड दिवसाचं, एकाच वेळी? संघाच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर तेव्हा माझ्याकडे होतं. चहा टेबलावर तसाच राहिला आणि मी सर्व्हरवर शिरलो.

आधी मांडणी सांगतो. गावातल्या संकलन केंद्रावरचं मशीन प्रत्येक उत्पादकाची नोंद साठवतं: क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ). त्याची फाइल संघात येते. रात्री क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणारा लिनक्सचा प्रोग्राम, एक बॅश स्क्रिप्ट (कमांडची यादी) उठवतो. ती प्रत्येक गावाच्या फाइलीसाठी एकेकदा सी भाषेतला एक जुना प्रोग्राम चालवते. तो नोंदी तपासतो, दरपत्रकाप्रमाणे (गाईला ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ हा पाया, म्हशीला ६ आणि ९) भाव लावतो, चांगल्या नोंदी एका फाइलीत आणि नाकारलेल्या दुसऱ्या फाइलीत टाकतो. त्यानंतर पायथनची स्क्रिप्ट बिलं काढते आणि बँकेला पाठवायची यादी बनवते. तीन भाषा, तीन वेगवेगळ्या काळात तीन माणसांनी लिहिलेल्या. सी-वाला भाग ज्यांनी लिहिला त्यांना ऑफिसात सगळे काका म्हणत. ते निवृत्तीला आले होते आणि त्यांचा कोड त्यांच्याहून तब्येतीने ठणठणीत होता.

काकांच्या प्रोग्रामची शेवटची ओळ साधी होती: नाकारलेल्या नोंदींची संख्या रिटर्न करायची. बॅश ती `$?` मधून (नुकत्याच संपलेल्या प्रोग्रामचा निकाल इथे मिळतो) वाचणार. शून्य आलं तर पुढे जायचं. शून्य नसेल तर फाइल बाजूला ठेवून ऑपरेटरला निरोप द्यायचा: ‘अमुक गाव, इतक्या नोंदी नाकारल्या.’ कल्पना मला आजही वाईट वाटत नाही. एकाच आकड्यात ‘बिघडलं’ आणि ‘किती बिघडलं’ दोन्ही. वर्षानुवर्षं तो आकडा २, ५, ११ असा यायचा आणि ऑपरेटर सकाळी तेवढ्या नोंदी दुरुस्त करून टाकायचा.

त्या गावाची फाइल मी हाताने चालवली. नाकारलेल्यांची फाइल उघडली, ओळी मोजल्या. २५६. मग `$?` पाहिलं. ०.

पुन्हा चालवलं. पुन्हा २५६ ओळी, पुन्हा ०.

काकांना बोलावलं. ते चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनकडे बघत म्हणाले, “अहो, मेन इंट रिटर्न करतं. इंट म्हणजे चार बाइटांचा पूर्णांक. दोन अब्ज नोंदी नाकारल्या तरी मावतील.” आणि सी भाषेच्या हद्दीत ते शंभर टक्के बरोबर होते. घोळ हद्दीच्या पलीकडे होता.

चार बाइट निघाले, एक पोचला

प्रोग्राम संपताना मेनची (सी प्रोग्रामच्या मुख्य फंक्शनची) किंमत थेट बॅशच्या हातात पडत नाही. ती आधी कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, जाते, आणि आई-प्रोग्रामने ‘माझ्या पोराचं काय झालं’ असं विचारलं की कर्नल तिला सांगतो. लिनक्सच्या कर्नलमध्ये एक्झिटची सिस्टिम कॉल पाहिली तर पहिलंच काम दिसतं: आलेल्या आकड्याचे खालचे आठ बिट तेवढे ठेवायचे, बाकी टाकून द्यायचे, आणि ते आठ बिट आठ घरं डावीकडे सरकवायचे. आठ बिटांत ० ते २५५ मावतात. २५६ चा खालचा बाइट शून्य असतो. २५७ आला तर १ दिसतो, ३०० आला तर ४४, आणि उणे १ पाठवलात तर पलीकडे २५५ उगवतो.

ही कंजुषी आली कुठून? युनिक्स वाढलं ते पीडीपी-११ यंत्रावर, जिथे इंट १६ बिटांचा होता. पोराच्या मरणाची सगळी हकिकत त्या एका इंटमध्ये बसवायची होती: वरच्या बाइटात त्याने स्वतः सांगितलेला एक्झिट कोड, खालच्या बाइटात तो कसा मेला, म्हणजे आपणहून संपला की कुठल्या सिग्नलने (कर्नलने धाडलेल्या इशाऱ्याने) मारला. यंत्रं ३२ आणि मग ६४ बिटांची झाली, मांडणी तीच राहिली. विंडोजमध्ये मात्र एक्झिट कोड पूर्ण ३२ बिटांचा असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे ते आम्हाला चावणार आहे.

बरोब्बर २५६ च का, हा प्रश्न मला दुपारपर्यंत छळत होता. योगायोग म्हणून सोडून द्यायला मन तयार नव्हतं. शेवटी मशीनची फाइल कच्च्या बाइटांत उघडून बघितली. मशीन आपली मेमरी पानापानांनी भरतं आणि एका पानात २५६ नोंदी बसतात. जागा वाचवायला पूर्ण तारीख फक्त पानाच्या माथ्यावर असते. नोंदीत तिथून किती वेळ गेला तेवढंच. मशीनचा घड्याळाचा सेल उतरला होता, वीज गेली, परत आली, आणि त्याच क्षणी नवं पान सुरू झालं. माथ्यावर १ जानेवारी २००० अशी तारीख पडली. पुढे दीड दिवसाने सचिवांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी घड्याळ लावलं, तोवर ते पान भरत आलं होतं. आमच्या प्रोग्रामने अख्खं पान नाकारलं, आणि नाकारायलाच हवं होतं.

म्हणजे मशीन बनवणाऱ्याने नोंदीचा अनुक्रमांक एका बाइटात बसवला, म्हणून पान २५६ चं. युनिक्सवाल्यांनी एक्झिट कोड एका बाइटात बसवला, म्हणून २५६ चं शून्य. एकमेकांना कधी न भेटलेल्या दोन माणसांनी केलेली एकच काटकसर आमच्या त्या गावात येऊन भेटली.

मग जुने लॉग चाळले. एका निरोपात ‘१९ नोंदी नाकारल्या’ असं होतं आणि त्या दिवशीच्या नाकारलेल्यांच्या फाइलीत २७५ ओळी होत्या. ऑपरेटरने निरोपातला आकडा न बघता फाइल उघडून सगळ्या ओळी दुरुस्त केल्या होत्या, म्हणून बोंब झाली नव्हती. यंत्रणेतली चूक माणसाच्या सवयीने झाकली जाते ती अशी.

दुरुस्ती, जिने तेच परत केलं

पहिली दुरुस्ती दहा मिनिटांची. सी प्रोग्रामने संख्या पाठवायची नाही. सगळं नीट तर ०, काही नाकारलं तर १. एक्झिट कोड हा निकाल आहे, हिशेब नव्हे, एवढं मी वहीत लिहूनही ठेवलं.

त्याच सुमाराला आमच्याकडे पायथन येणारी एक मुलगी नव्याने लागली होती. बॅशची ती लांबलचक स्क्रिप्ट बघून तिला कापरं भरलं, आणि तिचं काही चुकलं नाही. तिने मधला भाग पायथनमध्ये लिहून काढला. क्रॉनची छोटी बॅश स्क्रिप्ट तेवढी तशीच. ती पायथनला बोलावणार आणि पायथन सी-ला. तिच्या स्क्रिप्टची शेवटची ओळ सुटसुटीत होती: ओएस-डॉट-सिस्टिम ने सी प्रोग्राम चालवायचा आणि जे येईल ते सिस-डॉट-एक्झिट ला देऊन टाकायचं. जसं आलं तसं पुढे. तिने आपल्या विंडोज लॅपटॉपवर सी प्रोग्राम बांधून बिघडलेली फाइल देऊन पाहिली, १ आला. चांगली फाइल दिली, ० आला. झालं.

आम्ही शहाणे झालो होतो म्हणून सर्व्हरवर लगेच सोडलं नाही. जुनं आणि नवं शेजारी-शेजारी चालवलं. २५६ वाईट ओळींची ती फाइल दिली. बॅश म्हणाली: ०. तीन वाईट ओळींची दिली: ०. रिकामी फाइल दिली: ०. आता तर काहीही दिलं तरी शून्य!

ती बिचारी गोरीमोरी झाली. पण चूक कुठे आहे ते तिनेच शोधलं. लिनक्सवर पायथनचं ओएस-डॉट-सिस्टिम एक्झिट कोड देत नाही. ते कर्नलकडून आलेला तो जुना दोन बाइटांचा शब्द जसाच्या तसा देतं, ज्यात एक्झिट कोड वरच्या बाइटात असतो. म्हणजे सी ने १ पाठवला की पायथनला दिसतो १ गुणिले २५६. तो २५६ सिस-डॉट-एक्झिट ला दिला की कर्नल खालचे आठ बिट ठेवतो. शून्य. ३ पाठवला तर ७६८, त्याचंही शून्य. म्हणजे सिग्नलने मेला नाही तोवर प्रोग्रामने काहीही कोड दिला तरी या ओळीतून यशच बाहेर पडणार. विंडोजवर हेच फंक्शन सरळ एक्झिट कोड देतं, म्हणून लॅपटॉपवर सगळं गोड होतं.

एकाच फंक्शनचं नाव, एकच भाषा, आणि दोन यंत्रांवर दोन अर्थ. मला यात तिच्यापेक्षा पायथनचा दोष जास्त वाटतो, जरी त्यांच्या मॅन्युअलमध्ये ते लिहिलेलं आहे. हा शब्द उलगडून खरा कोड काढणारं वेगळं फंक्शन ३.९ या आवृत्तीत, म्हणजे २०२० मध्ये आलं. त्याआधी आठ घरं उजवीकडे सरकवा, नाहीतर सबप्रोसेस (दुसरे प्रोग्राम चालवायचं पायथनचं वेगळं मॉड्यूल) वापरा. पर्ल या भाषेत `$?` चं तसंच आहे: बॅशच्या `$?` सारखंच दिसतं, पण आत पूर्ण शब्द असतो, आणि आठ घरं सरकवायचं विसरलं की तोच खड्डा.

आम्ही सबप्रोसेसवर आलो. तिथे रिटर्नकोड सरळ मिळतो. पण तिथेही भाषेचं आपलं व्याकरण आहेच. सर्व्हरची मेमरी संपली आणि कर्नलने प्रोग्राम मारला तर तो ९ क्रमांकाच्या सिग्नलने मरतो. हीच घटना पायथनच्या सबप्रोसेसमध्ये उणे ९ दिसते, बॅशमध्ये १३७ (१२८ अधिक ९), जावामध्येही १३७, आणि पर्लच्या `$?` मध्ये नुसते ९. मरण एकच, सुतकाचे दिवस भाषेगणिक वेगळे. ‘शून्यापेक्षा मोठा असेल तर चूक’ अशी अट कुणी पायथनमध्ये लिहिली की मेलेला प्रोग्राम उणे असल्यामुळे पास होतो. आमच्याकडे अशी अट होती. बदलली.

आणखी एक भोक ऑपरेटरच्या सोयीपोटी पडलं होतं. पडद्यावर आणि लॉगमध्ये एकदमच दिसावं म्हणून कुणीतरी क्रॉनच्या बॅशमध्ये पायथनच्या पुढे पाइप करून टी (आलेला मजकूर पडद्यावर आणि फाइलीत दोन्हीकडे पाठवणारा छोटा प्रोग्राम) जोडला होता. पाइपच्या साखळीचा निकाल म्हणजे शेवटच्या कडीचा निकाल, आणि टी आपलं काम इमानाने करून शून्य देतो. बॅशमध्ये पाइपफेल (कुठलीही कडी नापास झाली तर अख्खी साखळी नापास धरणारा पर्याय) चालू केलं की हे सुटतं. एका ओळीचं काम, पण ती ओळ नसेल तर वरची सगळी दुरुस्ती पाण्यात.

मधला दारवान

इथे आम्हाला एक मोह पडला. हे प्रोग्राम-प्रोग्राममधलं लचांडच नको. काकांचा कोड लायब्ररी म्हणून बांधू आणि सीटाइप्स वापरून पायथनमधून थेट फंक्शन बोलावू. सीटाइप्स पायथनसोबत २.५ पासून, म्हणजे २००६ पासून येतं. वेगळं काही बसवायला नको. मग कर्नल मध्ये येणार नाही, आठ बिटांची कात्री नाही, पूर्ण आकडा हातात.

आठवडाभर प्रयोग केला. नाकारलेल्यांची संख्या देणारं फंक्शन पहिल्या फटक्यात चाललं: २५६ म्हणजे २५६. टाळ्या. मग गावाची सरासरी फॅट देणारं फंक्शन बोलावलं, ज्याची रिटर्न व्हॅल्यू डबल (अपूर्णांक) आहे. ४.१ च्या आसपास काहीतरी यायला हवं होतं. भलताच मोठा पूर्णांक आला, आणि पुन्हा चालवल्यावर दुसराच.

कारण असं. सी मध्ये बांधलेल्या लायब्ररीत ‘या फंक्शनचा रिटर्न डबल आहे’ ही माहिती कुठेही लिहिलेली नसते. ती हेडर फाइलीत राहते आणि पायथन हेडर वाचत नाही. तुम्ही काही सांगितलं नाहीत तर सीटाइप्स धरून चालतं की रिटर्न इंट आहे. आपल्या नेहमीच्या ६४ बिट लिनक्सवर इंट परत येतो तो ईएएक्स नावाच्या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या खणात) आणि डबल परत येतो एक्सएमएम-शून्य मध्ये. काकांच्या फंक्शनने उत्तर इमानदारीत एक्सएमएम-शून्य मध्ये ठेवलं होतं. पायथनने ईएएक्स चा डबा उघडला आणि तिथे आधीच्या कुठल्यातरी कामाचं जे उष्टं पडलं होतं ते उचललं. पत्र टाकलं एका पेटीत, पोस्टमनने उघडली दुसरी.

गंमत म्हणजे, फंक्शनला आत डबल पाठवताना प्रकार सांगितला नाहीत तर सीटाइप्स लगेच अडवतं, एरर देतं. आत जाताना दारवान पास मागतो. बाहेर येताना कुणी विचारत नाही. रिटर्नचा प्रकार रेसटाइपमध्ये सांगितला की सरासरी बरोबर आली. मग स्ट्रिंग (मजकूर) देणारं एक फंक्शन उरलं होतं. त्या मजकुराचा मेमरीतला पत्ता ६४ बिटांचा, इंट समजल्यामुळे खालचे ३२ बिटच उचलले गेले, आणि त्या अर्ध्या पत्त्यावर जाऊन पायथनसकट सगळं कोसळलं. जुन्या ३२ बिट यंत्रावर हेच चाललं असतं, कारण तिथे पत्ता आणि इंट एकाच मापाचे.

रेसटाइप सगळीकडे लिहून हेही सुटलं असतं. तरी मी तो मार्ग सोडला, आणि कारण तांत्रिकपेक्षा रात्रीच्या झोपेचं होतं. काकांच्या कोडमध्ये एखादी वेडीवाकडी फाइल आली की प्रोग्राम पडायचा. वेगळा प्रोग्राम पडला तर एका गावाची फाइल बाजूला राहते, पण तो पायथनच्या पोटात असताना पडला तर पायथनचा ट्राय-एक्सेप्टही त्याला धरू शकत नाही, आणि सगळ्या गावांची बिलं अडकतात. शिवाय त्या स्ट्रिंगची मेमरी कुणी मोकळी करायची, सी ने की पायथनने, यावर आमची दोन दिवस चर्चा झाली हेच पुरेसं वाईट लक्षण होतं.

शेवटी बसवलं ते

काका सुरुवातीपासून एकच पालुपद लावत होते: “फाइलीत लिहा की राव. फाइल खोटं बोलत नाही.” आम्ही हसायचो. पण नाकारलेल्यांच्या फाइलीत २५६ हा आकडा पहिल्या दिवसापासून बरोबरच होता, हे खरंच होतं. अंतिम मांडणी त्यांच्याच म्हणण्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती आहे.

एक्झिट कोड आता फक्त चार: ० सगळं नीट, १० काही नोंदी नाकारल्या, ११ फाइल वाचता आली नाही, १२ दरपत्रक सापडलं नाही. १० पासून सुरुवात मुद्दाम. पायथन किंवा जावाचा प्रोग्राम न पकडलेल्या एररने पडला की १ देतो. पायथनचं आर्गपार्स चुकीचे पर्याय दिले की २ देतं. १२६ आणि १२७ शेलचे, १२८ च्या वरचे सिग्नलचे. ६४ ते ७८ बीएसडी युनिक्सच्या जुन्या यादीत वाटलेले आहेत. मधली मोकळी जागा आपली. आधी आमचा १ म्हणजे ‘नोंदी नाकारल्या’ असा होता. पायथन स्वतः पडली तरी बॅशला तोच १ दिसायचा आणि ऑपरेटर नसलेल्या नोंदी शोधत बसायचा.

शून्य म्हणजे यश हेही दुसऱ्याच्या प्रोग्रामबद्दल गृहीत धरायचं नाही. ग्रेपला शब्द सापडला नाही तर तो १ देतो, खरी अडचण असेल तर २. विंडोजच्या रोबोकॉपीत ८ च्या खालचं सगळं ठीक असतं. १ म्हणजे फाइली नीट कॉपी झाल्या.

आकडे जातात ते स्टँडर्ड आउटपुटवर, जेसनच्या (माहिती मजकुराच्या रूपात मांडायच्या पद्धतीच्या) ओळींत. माणसाने वाचायच्या सूचना स्टँडर्ड एररवर. हे वेगळं ठेवायला काकांच्या कोडमधले सतरा प्रिंटएफ (छापायच्या आज्ञा) शोधून हलवावे लागले; एकाने तर दर शंभर नोंदींनंतर ‘चालू आहे’ असं छापायचं ठेवलं होतं. रक्कम रुपयांत अपूर्णांकाने जात नाही, पैशांत पूर्णांकाने जाते: ३६.५० नाही, ३६५०. बँक खात्याचा क्रमांक स्ट्रिंग म्हणून, अवतरणचिन्हांत. खाते क्रमांक हा आकडा नव्हेच, त्याची बेरीज कोण करतं? आकडा म्हणून पाठवला की सुरुवातीची शून्यं गळतात, आणि आमचा मोबाइलवरचा अहवाल जावास्क्रिप्टमध्ये आहे, जिथे ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढचे सगळे पूर्णांक नेमके राहत नाहीत. याच आकड्याच्या शेवटी ३ असेल तर २ होतो, गुपचूप.

शेवटच्या ओळीत प्रोग्राम एकूण लिहितो: वाचल्या इतक्या, घेतल्या इतक्या, नाकारल्या इतक्या. पायथन ती बेरीज स्वतः पुन्हा करते. ती ओळच आली नाही, किंवा बेरीज जुळली नाही, तर एक्झिट कोड शून्य असला तरी फाइल बाजूला जाते. मला या सगळ्यात ही तपासणी सर्वांत मोलाची वाटते, कारण वरचे चारही घोळ तिने एकटीने पकडले असते.

तपासणीच्या फोल्डरमध्ये २५६ वाईट ओळींची ती फाइल अजून आहे. रोज रात्री खऱ्या फाइलींच्या आधी ती चालते आणि १० आला नाही तर क्रॉन पुढे सरकत नाही.

त्या गावाचा फरक पुढच्या बिलात गेला. सचिवांचा परत फोन आला, त्यांना माझ्या बिटा-बाइटांत काही रस नव्हता. “साहेब, त्या मशीनला सेल कुठला लागतो? इथं दुकानात मिळंल का?” मशीन उघडून पाहिलं होतं म्हणून सांगता आलं: घड्याळाच्या दुकानात मिळतो, सीआर २०३२.